चार वर्षांची उमेदवारी

युद्धावरून परतलेला सैनिक सुतार होतो, ही कहाणी लोकांना फार आवडते. तिचा साचाही ठरून गेलेला आहे. रात्री झोप न लागणारा, माणसांत न रमणारा एक जण. मग कुठूनतरी त्याच्या हातात रंधा येतो. लाकडाचा वास, रंध्यातून निघणारे पातळ पापुद्रे, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. शेवटी आपल्या हातानं केलेल्या खुर्चीवर तो बसतो आणि कित्येक वर्षांनी हसतो. फोटो निघतो, वाचणाऱ्याचा गळा दाटतो, आणि विषय मिटतो. माझे प्रश्न तिथूनच सुरू होतात. ती खुर्ची कुणी विकत घेतली? कितीला? त्यानंतर दुसरी मागायला कुणी आलं का? आणि तो शिकत होता तेव्हा घर कशावर चाललं होतं?

या प्रश्नांची उत्तरं कहाणीत नसतात, कारण ती सांगितलेली असते आपल्या समाधानासाठी. एका माणसाला आपण मरणाच्या तोंडी धाडलं, तो मोडून परत आला, आणि लाकडानं त्याला बरं केलं. म्हणजे आपण सुटलो. लाकडाचे उपकार मानायचे आणि पुढच्या बातमीकडे वळायचं.

सैन्य माणसाकडून जी वर्षं घेतं, ती बहुतेकांच्या बाबतीत नेमकी हातात कसब मुरण्याची वर्षं असतात. अठराव्या-विसाव्या वर्षी बरोबरीची पोरं कुणा कारागिराच्या हाताखाली झाडू मारत, हत्यारांना धार लावत, शिव्या खात हळूहळू धंदा शिकतात. त्याच वर्षांत हा खंदक खणत असतो, पहारा देत असतो, नाहीतर इस्पितळात पडून असतो. तिशीच्या आसपास परत येतो तेव्हा ती पोरं स्वतःची गिऱ्हाइकं सांभाळत असतात आणि याला लाकडाची ओली-सुकी ओळखता येत नाही. समाजावरचं हे देणं वर्षांचं आहे. ते वर्षांनीच फेडायला हवं: पूर्ण मुदतीची उमेदवारी, म्हणजे कारागिराच्या हाताखाली काम करत शिकणं, तेवढा काळ घर चालेल असा पगार, आणि नंतर खरीखुरी कामं. पदकं, भाषणं आणि सहा आठवड्यांचे वर्ग हे देणं फेडल्याचं नुसतं सोंग आहे.

कामानं मन सावरतं, हे मला मान्यच आहे. ‘शेल शॉक’, म्हणजे युद्धाच्या धक्क्यानं मन कोलमडणं, हा शब्द चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. पुढच्याच वर्षी एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट इथे असा धक्का बसलेल्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी इस्पितळ सुरू झालं. तिथल्या आर्थर ब्रॉक या डॉक्टरची पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते. त्याचं निदान असं की युद्धानं माणसाचा भोवतालाशी असलेला धागाच तोडलेला असतो. तो दाखला द्यायचा ग्रीक पुराणातल्या अँटीअसचा, ज्याची ताकद पाय जमिनीला टेकलेले असेपर्यंतच टिकायची. म्हणून ब्रॉक रुग्णांना कामाला लावायचा, आणि त्या कामाचा आसपासच्या खऱ्या जगाशी संबंध असावा असा त्याचा आग्रह होता. पुढे, मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजक्या मंडळींनी एकत्र येऊन अमेरिकेत व्यवसायोपचाराची, म्हणजे कामातून उपचार करण्याची, संस्था स्थापन केली. त्यांच्यातला जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद स्वतः क्षय आणि अर्धांगवायूतून उठलेला होता, आणि सुतारकाम व बागकाम करत त्यानं स्वतःला सावरलं होतं. लगेचच अमेरिकी सैन्यानं जखमींच्या खाटांपाशी विणकाम, टोपल्या, लाकडावरचं कोरीवकाम शिकवायला खास शिक्षिका नेमल्या.

गडबड झाली ती इथेच. खाटेवरच्या माणसाला टोपली विणायला देणं हा उपचार आहे, आणि चांगला उपचार आहे. पण तो माणूस खाटेवरून उठून दाराबाहेर पडला तरी जगानं त्याच्या हातात टोपलीच ठेवली. उपचाराचं काम आणि पोटाचं काम यांतली सीमा पुसली गेली ती आजतागायत. उपचारात खाच वाकडी गेली तरी शाबासकी मिळते, मिळायलाही हवी. धंद्यात वाकडी खाच म्हणजे डुगडुगणारं टेबल, आणि डुगडुगणारं टेबल गिऱ्हाईक परत पाठवतं. जो माणूस वर्षानुवर्षं शाबासकीवरच राहिला, त्याला कुणी कधी सुतार म्हणून गंभीरपणे घेतलेलंच नसतं.

सुतारकाम येणं म्हणजे नेमकं काय, हेही बाहेरून कळत नाही. करवत सरळ चालवणं, रंधा मारणं, गुण्या लावून काटकोन बघणं या गोष्टी काही महिन्यांत हाताला बसतात. त्यानंतरचं अवघड. लाकूड कापल्यावरही हलत राहतं, पावसाळी हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे भरीव फळीचं टेबल चहूबाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळलं की वर्षाच्या आत ते चिरतं. फळीला सरकायला वाव ठेवून ती पक्की कशी बसवायची हे पुस्तकातून समजतं, पण हाताला कळायला एक-दोन टेबलं चिरलेली पाहावी लागतात. उघड्यावर रचून ठेवलेलं लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचामागे साधारण वर्ष लागतं, असा जुना अडाखा आहे. म्हणजे उमेदवारानं पहिल्या वर्षी रचलेली दोन इंची फळी त्याला तिसऱ्या वर्षी वापरायला मिळणार. अमेरिकेत नोंदणीकृत उमेदवारीचं एक वर्ष म्हणजे प्रत्यक्ष कामाचे किमान २,००० तास, आणि जोडीला वर्गातले १४४ तास असावेत अशी शिफारस. सुतारकामाची उमेदवारी साधारण चार वर्षांची. जर्मनीत फर्निचरच्या सुताराचं शिक्षण तीन वर्षांचं, त्यानंतर वाटल्यास उस्तादाची परीक्षा. हे आकडे काही कुणी हौसेनं फुगवलेले नाहीत. आणि माजी सैनिकापुढे येणाऱ्या योजना बघाव्यात तर त्या बऱ्याचदा आठवड्यांत मोजायच्या.

यावर ठरलेलं उत्तर असतं की सैनिकाला शिस्त असते, तो लवकर शिकेल. मला हे अर्धंच पटतं. वेळेवर येणं, हत्यारं जागच्या जागी ठेवणं, कंटाळवाणं काम न कुरकुरता करणं, हे त्याच्याकडे असतं आणि कुठल्याही कारखान्यात त्याची किंमत आहे. पण सुताराच्या पोटापाण्याचा भार ज्या गुणांवर असतो ते सैन्य शिकवत नाही. उलट काही बाबतीत मोडून काढतं. सुताराला दर सांगता यावा लागतो. नवखा लाकडाचे पैसे धरतो आणि स्वतःच्या वेळेचे विसरतो, हा या धंद्यातला सगळ्यात जुना खड्डा. गिऱ्हाईक तीनदा मन बदलतं, तेव्हा कुठे नमतं घ्यायचं आणि कुठे ‘याचे जास्त पडतील’ म्हणायचं, हे कुठल्याही हुकमाच्या उतरंडीत शिकायला मिळत नाही. पगार ठरल्या तारखेला जमा होण्याची सवय असलेल्या माणसाला दोन महिने कोरडे आणि तिसऱ्यात तीन कामं एकदम, हे गणित झेपायला वेळ लागतो. सुतारकाम एकट्याचं, शांत काम असतं म्हणून ते सैनिकाला मानवेल, असंही म्हणतात. असं म्हणणाऱ्यानं लोकांच्या राहत्या घरात, त्यांच्या सूचना ऐकत, त्यांच्या पोरांना करवतीपासून लांब ठेवत कधी कपाट बसवलेलं नसावं.

शांततेचंच निघालं म्हणून सांगतो. सुतारशाळेचा जो फोटो छापला जातो त्यातून आवाज येत नाही. यंत्रावरचा रंधा किंवा गोल करवत १०० डेसिबलच्या आसपास ओरडते; आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा पाळावी असं कामगार-आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात. आता ज्याला हे काम द्यायचं त्याचे कान बघू. अमेरिकेत माजी सैनिकांच्या भरपाईच्या दाव्यांत कानात सतत गुणगुण राहण्याचा विकार सगळ्यात वर असतो आणि ऐकू कमी येण्याचे दावेही त्याच्या पाठोपाठ आहेत. तोफा-बंदुकांनी आधीच खाल्लेल्या कानांना आपण पुन्हा आवाजाच्या तोंडी देतो. शिवाय सुताराचे कान हेही हत्यारच. पातं बोथट झालं, फळी पात्यात अडकतेय, हे डोळ्यांआधी आवाजावरून कळतं. कानांवर संरक्षक चढवले की ते कळणं कमी होतं. जड फळी सपाट पडली की गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजानं दचकणाऱ्या माणसाची बोटं त्या क्षणी फिरत्या पात्यापासून चार इंचांवर असू शकतात. लाकडाची धूळ वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं १९९५ सालीच तिला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं आहे.

म्हणून त्याला या कामापासून दूर ठेवा, असा निष्कर्ष कुणी काढू नये. यंत्रांची खोली आणि हातकामाची जागा वेगळी असावी. धूळ ओढणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी. यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांना खूण देण्याची रीत असावी. कोण कुठल्या यंत्रावर बसेल हे कानांची तपासणी करून ठरावं. याला पैसा लागतो. ज्या योजना ‘लाकडाचा स्पर्श मनाला शांत करतो’ एवढ्यावरच उभ्या आहेत त्यांच्या अंदाजपत्रकात हा पैसा धरलेला नसतो.

इतिहासात चुका करून झालेल्या आहेत, त्या बघितल्या तरी पुरे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये अपंग सैनिकांसाठी दानशूरांनी कार्यशाळा काढल्या. पुढे त्यांना सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांचं नाव दिलं गेलं. पहिल्या महायुद्धात जर्मन खेळणी यायची थांबली तेव्हा या कार्यशाळांनी खेळणी केली, फर्निचर केलं, ब्रश केले. हेतू निर्मळ होता, पण विक्री शेवटी माल बघून कमी आणि माणूस बघून जास्त, असं झालं की युद्धाची आठवण फिकी पडेल तसं गिऱ्हाईकही फिकं पडतं. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारनं राजाच्या नावानं एक नोंदवही उघडली आणि आपल्याकडच्या कामगारांत पाच टक्के अपंग माजी सैनिक घ्यावेत असं मालकांना आवाहन केलं. नुसतं आवाहन. हरलेल्या जर्मनीनं १९२० साली त्याच गोष्टीचा कायदा केला आणि मालकांवर बंधन घातलं. जिंकणाऱ्यानं विनंती करावी आणि हरणाऱ्यानं कायदा करावा, हे मला अजून नवलाचं वाटतं. त्याच काळात ब्रिटनमध्ये घरांची टंचाई होती, सैनिकांना बांधकामाचे धंदे शिकवायची सरकारी योजना होती, आणि बांधकाम कामगारांच्या संघटनांनी तिला विरोध केला. त्यांना आयतं दोषी ठरवू नये. मंदी आली की आधी आपल्याच माणसांची कामं जातात हे त्यांनी भोगलेलं होतं. अर्धवट शिकवलेला सुतार स्वस्तात राबवला जाईल ही भीतीही खोटी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं अपंगांना काम देणारी रेम्प्लॉय नावाची सरकारी कंपनी काढली. वेल्समधल्या ब्रिजेंडला १९४६ साली तिचा पहिला कारखाना निघाला, आणि त्यात फर्निचर आणि व्हायोलिनं बनत. व्हायोलिन बनवायला दिलं हे मला आवडलं, कारण व्हायोलिनची कुणी कीव करून ते विकत घेत नाही. ते वाजावं लागतं. पण कारखाने सरकारी अनुदानावरच उभे राहिले आणि २०१३ मध्ये उरलेलेही बंद झाले.

सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा अमेरिकेचा १९४४ चा कायदा या सगळ्यात मोठा. परतलेल्या सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. गाजतात ते कॉलेजात गेलेले २२ लाख; उरलेल्यांनी धंदेशिक्षणाच्या शाळा, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा शेती यांतलं काहीतरी निवडलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यातही छिद्रं होती. शिकवण्याची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार थेट शाळेला द्यायचं, म्हणून रातोरात शाळा उगवल्या, ज्यांच्याकडे धड हत्यारं नव्हती आणि धड शिक्षक नव्हते. काही मालकांनी प्रशिक्षणार्थी म्हणून सैनिक घेतले, सरकारी भत्त्याच्या जोरावर त्यांना कमी मजुरीत राबवलं आणि शिकवलं काहीच नाही. १९४६ मध्ये त्यासाठी नियम आवळावे लागले. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या सैनिकांना चांगल्या धंद्यांची उमेदवारी मिळणं तर जवळपास बंदच होतं. कोरियाचं युद्ध चालू असताना, १९५२ च्या कायद्यात, पैसे शाळेऐवजी थेट सैनिकाच्या हातात द्यायची सुधारणा झाली. पैसा सैनिकाच्या खिशातून जायला लागला की तो शाळा पारखून घेतो, एवढी साधी गोष्ट समजायला आठ वर्षं गेली.

जिथे जमलं तिथे काय वेगळं होतं? १९४४ मध्येच डार्टमथ कॉलेजात परतणाऱ्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून ‘स्कूल फॉर अमेरिकन क्राफ्ट्समेन’ ही शाळा निघाली. दोन वर्षांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेडला गेली आणि १९५० मध्ये रॉचेस्टरला. लाकूडकाम शिकवायला तिनं टागे फ्रिड या डॅनिश कारागिराला बोलावलं, जो लहान वयापासून पारंपरिक उमेदवारीतून तयार झालेला होता. समोर युद्धावरून आलेले लोक आहेत म्हणून सांधा सैल चालेल, हा विचार अशा माणसाला शिवण्याची शक्यता नव्हती. अमेरिकेतल्या पुढच्या पिढीच्या फर्निचरकारांत त्याचे कितीतरी विद्यार्थी निघाले. सैनिकांसाठी काढलेली शाळा साऱ्या देशाच्या कारागिरीची शाळा झाली ती या कडकपणामुळे.

माझ्याच मुद्द्याला छेद देणारं एक उदाहरणही आहे, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पुढे नामांकित फर्निचरकार झालेला अमेरिकी सॅम मलूफ १९४१ मध्ये सैन्यात भरती झाला, अलास्कात राहिला, १९४५ मध्ये सुटला. त्यानं कुणाची उमेदवारी केली नाही. १९४८ मध्ये लग्न झालं, घरात फर्निचर नाही आणि खिशात पैसे नाहीत, म्हणून त्यानं प्लायवूड आणि टाकाऊ लाकडातून स्वतःच्या घरापुरतं सामान केलं. त्याचे फोटो एका खपाच्या मासिकात आले आणि लोक विचारू लागले. १९८५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला हस्तकारागीर. त्याच्या झुलत्या खुर्च्या व्हाइट हाउसपर्यंत पोचल्या, तरी तो स्वतःला लाकूडकाम करणाराच म्हणवून घ्यायचा. मग कशाला हवी चार वर्षांची उमेदवारी?

त्याचं आयुष्य जरा जवळून बघितलं तर त्याला काय काय मिळालं होतं ते दिसतं. तो आधीपासून आरेखनात तयार होता आणि सुटल्यावर त्याच आधारावर नोकरी करत होता, म्हणजे शिकता शिकता पोटाला होतं. बायको अल्फ्रेडा हिशेब आणि व्यवहार बघायची, म्हणजे ज्या खड्ड्यात नवखे पडतात तो तिनं बुजवला. युद्धानंतर कॅलिफोर्नियात घरं धडाधड उठत होती आणि त्या घरांना सामान हवं होतं. हेन्री ड्रायफससारख्या नामांकित डिझायनरनं आपल्या घराचं फर्निचर त्याच्याकडून करून घेतलं, ते फर्निचर आवडलं म्हणून. वेळ, आधाराचा पगार, हिशेब सांभाळणारं माणूस आणि दाम मोजणारं गिऱ्हाईक. नशिबानं आणि बायकोनं मलूफला जे दिलं ते बाकीच्यांना धोरणानं द्यावं, एवढंच मागणं आहे. प्रतिभा कुठलंच धोरण देऊ शकत नाही, आणि कपाटं करायला तिची गरजही नसते.

हे परवडणारं नाही असं म्हणणाऱ्यांनी जर्मनीकडे बघावं. तिथे मुदतबंद नोकरी केलेल्या सैनिकाला किती वर्षं सेवा झाली त्या प्रमाणात नागरी धंद्याच्या शिक्षणाचा हक्क मिळतो. बारा किंवा जास्त वर्षं झालेल्यांना तो पाच वर्षांपर्यंतचा आहे आणि त्या काळात सैन्याकडून पैसेही मिळत राहतात. सेवेची वर्षं आणि शिक्षणाची वर्षं एकाच तागडीत तोलणारी ही व्यवस्था आहे. अमेरिकेत २००३ पासून ‘हेल्मेट्स टू हार्डहॅट्स’ हा कार्यक्रम सैनिकांना बांधकाम संघटनांच्या नेहमीच्या उमेदवारीत घालतो. १९२० मध्ये ज्या संघटना आडव्या आल्या तशाच संघटना इथे दार उघडतात, कारण माणूस त्यांच्या नियमांनी, पूर्ण मुदत भरून आत येतो आणि कुणाचा दर पडत नाही.

आणखी एक आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गरीब घरातली कितीतरी मुलं उमेदवारीसाठी धडपडतात, मग सैनिकालाच पगारी शिक्षण का? उत्तर वयाचं आहे. अठराव्या वर्षी माणूस थोडक्या पैशांत आणि आईबापांच्या छपराखाली शिकू शकतो. बत्तिसाव्या वर्षी, बायको-मुलं असताना आणि गुडघा निकामी असताना, शकत नाही. ते अठरावं वर्ष त्यानं उडवलं नव्हतं, राज्यानं घेतलं होतं. बाकी त्या मुलांनाही पगारी उमेदवारी मिळावी, माझा काही विरोध नाही. आणि प्रत्येक माजी सैनिकानं सुतारच व्हावं असंही नाही. ज्याला आवाज सोसत नाही, हात थरथरतो, किंवा लाकडात गोडी वाटत नाही, त्याला फोटो चांगला येतो म्हणून रंध्यापाशी उभं करणं हा छळ आहे.

राहता राहिलं गिऱ्हाईक. शिकून बाहेर पडलेल्या माणसाचं पहिलं वर्ष सगळ्यात वाईट असतं, आणि तिथे सरकार हे भलंमोठं गिऱ्हाईक होऊ शकतं. शाळांना बाकं लागतात, वाचनालयांना मांडण्या लागतात, कचेऱ्यांना टेबलं लागतात. अमेरिकेत १९९९ पासून, सेवेत अपंगत्व आलेल्यांच्या छोट्या उद्योगांकडून केंद्र सरकारच्या खरेदीचा तीन टक्के हिस्सा यावा असं उद्दिष्ट होतं, ते अलीकडे पाच टक्के केलं आहे. पण दोन माणसांच्या सुतारशाळेला असल्या निविदा भरता येत नाहीत. कागद जाड, मागणी हजारांची. मागणी छोट्या तुकड्यांत फोडावी, एका शाळेची बाकं एका कार्यशाळेला. दर्जाची तपासणी इतर कुणालाही लागेल तीच लावावी, वजन ठेवून, हलवून, सांधे बघून, आणि नापास झालं तर माल परत करावा. फक्त पैशांच्या बाबतीत एक अट घालून घ्यावी. लाकूड विकणारा उधारीवर थांबत नाही, तेव्हा लाकडापुरती रक्कम मागणीबरोबर आगाऊ मिळावी, आणि उरलेली माल पोचल्यापासून महिन्याच्या आत.